पिराजीचे शिल्लक दोन तास

आमच्या दुकानातला पिराजी मतदानासाठी दोन तासांची सुट्टी घेऊन गेला त्याला एकविसावं वर्ष लागलं, तेव्हा रांगेत त्याच्यापुढे फक्त दोन माणसं उरली होती.

ही बातमी मला पोस्टमनने दिली. तो शाळेतल्या मतदान केंद्रात जिल्ह्याचं पाकीट टाकून आला होता. मी त्याला पाणी दिलं, बसायला पोतं दिलं आणि माणशी तीन धरून दोनाचे महिने किती होतात ते मनात मोजलं. सहा. त्यात पिराजीचे स्वतःचे तीन मिळवले की नऊ. म्हणजे पुढल्या गुढीपाडव्याच्या आत माणूस दुकानात.

मी नागोराव येरावार. बोरसावंगीच्या जुन्या बाजारात आमचं दोराचं दुकान आहे. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं, आणि प्रत्येक धड्याला घासाघीस केली. नाडे, कासरे, दावी, सुतळी, काथ्या, सगळं ठेवतो. दोराच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्याला माहीत नसते, ती सांगून ठेवतो. दोर एकट्याने मोजता येत नाही. वेटोळ्यातला दोर खोटं बोलतो. तो ताणला की खरी लांबी कळते, आणि ताणायला दोन टोकांना दोन माणसं लागतात. एक टोक मी गादीवर बसून धरायचो, दुसरं घेऊन पिराजी रस्त्यापलीकडे चालत जायचा. मधून सायकली जायच्या, म्हशी जायच्या. "ताणू का शेट?" तो ओरडायचा. "ताण!" मी ओरडायचो. दिवसातून वीस वेळा एवढंच बोलणं व्हायचं. पण ते व्हायचं.

तर निवडणूक नगरपरिषदेची होती, आणि आमचा वॉर्ड सात. सरकारी परिपत्रक आलं होतं, की नोकरांना मतदानासाठी पगारी सुट्टी द्या, दिवसभराची जमत नसेल तर निदान दोन तासांची सवलत द्या. अख्ख्या बाजाराने दिवसाची दिली. मी दोन तासांची दिली. शाळा आमच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. जाऊन शिक्का मारून यायला दिवस कशाला लागतो, असा माझा हिशोब. शहाण्या माणसाचा हिशोब चुकतो तेव्हा तो लहान चुकत नाही.

"शेट, ऊन लई हाय. छत्री नेऊ का?" पिराजीने विचारलं.

"ने. पण माझी आहे ती. विसरून येशील."

"इसरतो कशाला? उलट असं करतो, माझ्यामागं तुमचा नंबर लावून ठिवतो. मी आलो की तुमी सरळ जाऊन हुबं ऱ्हावा."

त्याचं बरोबर होतं. दुकानात माणसं दोन. एक आल्याशिवाय दुसऱ्याला जाता येत नाही, कारण आमच्या वडिलांचा दंडक होता, की दिवसाउजेडी दुकानाची फळी लावायची ती घरात मयत झाली तरच. आणि नंबराला वस्तू लावणं ही आमच्या गावची जुनी रीत आहे. रॉकेल असो, नळ असो, दवाखाना असो, माणूस आपल्या जागी वीट, हंडा, पायताण काहीतरी ठेवून कामाला जातो. त्या वस्तूला माणसाइतकाच मान असतो. रॉकेलच्या रांगेत आमच्या वडिलांच्या जोड्याला मागच्या माणसाने "सरका की हो पुढं" म्हटलेलं मी या कानांनी ऐकलं आहे.

बायकांची रांग चार वाजता संपली. माझी बायको सुलोचना बोटाला शाई लावून घरी आली आणि तिने पिठलं टाकलं. पुरुषांची रांग हळू होती. सहा वाजले. सहानंतर कोणाला रांगेत घेत नाहीत, पण सहाला जे रांगेत आहेत त्यांचं मत घेतल्याशिवाय केंद्र बंद करता येत नाही. त्यासाठी मागून पुढे चिठ्ठ्या वाटतात. शेवटच्याला एक नंबर, त्याच्यापुढच्याला दोन, असं. शिपाई मागून आला. सर्वांत शेवटी माझी छत्री भिंतीला टेकून उभी होती. त्याने एक नंबरची चिठ्ठी तिच्या मुठीला सुतळीने बांधली. पिराजीला दोन नंबर मिळाला. सर्वांत पुढच्या माणसाला चौऱ्याऐंशी.

अंधार पडल्यावर, दुकान बंद करून मी शाळेत गेलो.

"काय रे, किती वेळ?"

"झालंच बगा शेट," पिराजी म्हणाला. "रांग सरकायली."

रांग खरंच सरकत होती. तिचा वेग मात्र वर्षाला चार माणसं असा होता. कारण साधं होतं. उमेदवार दोन, एकाची निशाणी बादली आणि दुसऱ्याची कपबशी. दोघांचे प्रतिनिधी आत बाकावर बसले होते. मतदार आत गेला की त्यांच्यापैकी एक जण उठून म्हणायचा, "हा माणूस तो नव्हेच." असा आक्षेप आला की केंद्राध्यक्षाला तो लिहून घ्यावा लागतो. आमचे केंद्राध्यक्ष टोम्पे गुरुजी हे नियमाचे पक्के. ते आक्षेप जिल्ह्याला पाठवायचे. जिल्ह्याचं उत्तर तीन महिन्यांनी टपालाने यायचं, की हा माणूस तोच आहे. मग त्याला मतपत्रिका मिळायची. जिल्ह्याला मी दोष देणार नाही. तीन महिन्यांचं उत्तर त्यांनी कधी साडेतीन महिन्यांनी दिलं नाही.

बाकीच्या वॉर्डांचे निकाल लागले. आमची जागा रिकामी राहिली. आधीची निवडणूक संपली नसल्यामुळे आमच्या वॉर्डात पुढची लागली नाही. रांगेतली माणसं वऱ्हांड्यात झोपायची, घरून डबे यायचे. शेजारच्या वर्गात शाळा भरायची, त्यामुळे रांगेतल्या पुष्कळांचे पाढे पक्के झाले. सात जण रांगेतच वारले. त्यांच्या ओळखीवरचे आक्षेप पुढे फेटाळले गेले, म्हणजे ते तेच होते.

पिराजीला घर नव्हतं. आई लहानपणी गेलेली, लग्न जमता जमता राहिलेलं. तो आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत राहायचा. त्यामुळे त्याचा डबा आमच्याकडून. पहिली नऊ वर्षं सुलोचना करायची, मी रात्री दुकान बंद केल्यावर नेऊन द्यायचो. जाताना त्याच्याशी बोलायचो, येताना छत्रीकडे बघायचो. पुढचा एक माणूस कमी झाला की पिराजी स्वतः एक पाऊल सरकायचा आणि मग मागे वळून छत्रीला एक पाऊल पुढे घ्यायचा. ते काम त्याने एकदाही चुकवलं नाही.

तिसऱ्या वर्षी दुकाने निरीक्षक सोनटक्के साहेब आले. हजेरी बघून त्यांनी चष्मा काढला.

"येरावार, हा पिराजी तीन वर्षं सुट्टीवर?"

"मतदानाला गेलाय साहेब."

"सवलत किती दिलीत?"

"दोन तास."

मला वाटलं, हा आता म्हणणार, दोन तास संपले, माणूस गैरहजर, काढून टाका. पण सोनटक्के साहेबांनी परिपत्रक दोनदा वाचलं, चहा घेतला आणि निर्णय दिला. "यात लिहिलंय, मतदानासाठी दोन तास. उभं राहण्यासाठी नाही. तो अजून मतदान करत नाही, उभा आहे. म्हणजे त्याचे दोन तास अजून सुरूच झालेले नाहीत. नोकरी चालू, पगार चालू."

"बरोबर आहे साहेब," मी म्हणालो. मग धीर करून विचारलं, "आणि मालकाला मतदानाला जायचं असेल तर? माझा नंबर लागलाय तिथं. छत्री उभी आहे."

त्यांनी परिपत्रक उलटं करून मागची बाजू बघितली. ती कोरी होती. "मालकाने नोकराला सुट्टी द्यायची असं आहे. मालकाला कोणी द्यायची ते लिहिलेलं नाही. तुम्हाला सुट्टी देणारा कोणी आहे का?"

"नाही."

"मग अवघड आहे," सोनटक्के साहेब म्हणाले. मनाने फार चांगला माणूस. जाताना खांद्यावर हात ठेवून गेले.

मी दोराचं एक टोक दुकानाच्या खांबाला बांधून मोजायला लागलो. दुसरं टोक घेऊन स्वतःच रस्त्यापलीकडे जायचं, ताणायचं, खूण करायची, परत यायचं, सोडायचं. खांब चांगला सागवानी. पण खांबाला "ताणू का?" असं विचारता येत नाही. विचारलं तर लोक बघतात. मी एकदाच विचारलं.

एकदा वडगावचा एक शेतकरी आला. त्याला खोल विहिरीसाठी साठ वाव नाडा हवा होता. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर बोटांपासून बोटांपर्यंत होतं तेवढं अंतर. साठ वाव खांबाला बांधून ताणायचा तर टोक तिसऱ्या गल्लीत जातं आणि मधल्या मधे कोणीतरी अडखळून पडतं. मी म्हटलं, चला. दुपारी जेवणाच्या सुट्टीचं निमित्त करून वेटोळं खांद्यावर टाकलं आणि शाळेच्या पटांगणात गेलो. शेतकऱ्याला गादीवर बसवलं, म्हणजे दुकान उघडं राहिलं.

"पिराजी, टोक धर."

त्याचा चेहरा असा झाला की काय सांगू. त्याने टोक धरलं. मी मागे चालत गेलो. पण तो रांग सोडू शकत नव्हता आणि मधे रांगेच्या वळशातली पन्नास माणसं उभी, तेव्हा दोर त्यांच्या हातांतून गेला. प्रत्येकाने आपापला भाग कमरेएवढा उचलून धरला.

"ताणू का शेट?" पिराजी सहा वर्षांनी ओरडला.

"ताण!"

तेवढ्यात कपबशीचा प्रतिनिधी खिडकीतून ओरडला, "आक्षेप! शंभर मीटरच्या आत प्रचार चाललाय!"

टोम्पे गुरुजी बाहेर आले. त्यांनी निशाण्यांची यादी आणली होती. बोट ठेवून वाचली. "दोर ही कोणाची निशाणी नाही," ते म्हणाले.

"पण दोर आला की बादली आली!" कपबशीवाला म्हणाला.

गुरुजींनी मला विचारलं, "येरावार, या दोराला बादली बांधणार का?"

"मी नाही गुरुजी. गिऱ्हाईक बांधेल, वडगावला."

"वडगाव इथून किती?"

"नऊ किलोमीटर."

"शंभर मीटरच्या बाहेर आहे," गुरुजींनी निर्णय दिला. "पण पुन्हा आत आणू नका. मोजायचंच असेल तर दोर त्या चुन्याच्या रेषेबाहेर. टोक धरणारा मतदार आत असायला हरकत नाही. मतदाराच्या हातात काय आहे ते बघायचा मला अधिकार नाही."

पण रेषेपासून रांगेपर्यंतच शंभर मीटर. तेवढ्या लांबीचा दोर मागणारं गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही. विहिरी बुजत गेल्या, बोअर आले, बैल कमी झाले, नायलॉन आलं. हळूहळू खांबाचंही काम कमी झालं.

नवव्या वर्षी सुलोचना गेली. दुकानाची फळी लागली ती तेवढीच. तिला शाळेवरून नेलं. रांगेतल्या सगळ्यांनी टोप्या काढल्या. पिराजी हात जोडून उभा होता. पाऊल उचललं तर नंबर जातो, हे त्यालाही माहीत, मलाही. तिरडीची सुतळी मी स्वतः मोजून दिली होती. खांबाला बांधूनच. ती कितीही ताणली तरी मला लांब वाटत राहिली. तेराव्यापर्यंत पिराजीचा डबा शेजारणीने दिला, मग मी स्वयंपाक शिकलो. पहिल्या महिन्यातला डबा त्याने कसा खाल्ला ते त्यालाच ठाऊक. एकदा म्हणाला, "शेट, वहिनींच्या हाताची चव यायली हळूहळू." खोटं बोलत होता. पण वेटोळ्यातल्या दोरासारखं नाही. ताणून बघावं असं ते खोटं नव्हतं.

टोम्पे गुरुजी त्याच वर्षी शाळेतून निवृत्त झाले. पण केंद्रावरून कार्यमुक्त केल्याचा आदेश मतदान संपल्याशिवाय निघत नाही. ते राहिले. त्यांचंही घर परतूरकडे कुठेतरी होतं. एकदा संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "येरावार, माणूस घरी गेला तर पहिलं काय करतो हो?"

"हातपाय धुतो," मी म्हटलं.

"हां," ते म्हणाले. "मी विसरलोच होतो."

माझा मुलगा श्रीनिवास पुण्याला असतो. चांगला आहे, दर रविवारी फोन करतो. गेली दहा वर्षं त्याचं एकच म्हणणं.

"बाबा, दुकान विकून टाका आणि इकडे या. दिवसाला दोन गिऱ्हाइकं येतात तुमच्याकडे."

"पिराजी यायचाय."

"बाबा, तो दोन तासांसाठी गेला होता."

"म्हणून तर. जास्त लांब गेला असता तर मी वाट बघितली नसती."

"आणि आल्यावर काय करणार तो? दोर कोण घेतं आता?"

मला एवढंच माहीत होतं, की दुकान विकलं तर पिराजी मत देऊन शाळेच्या फाटकाबाहेर येईल आणि त्याला वळायला जागा नसेल. डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे माणसाला कोणीतरी वाट बघत असेल तरच कळतं. गेल्या वर्षी गाळ्याला गिऱ्हाईकही आलं, मोबाइलचं दुकान टाकणारं. दिवाळीपर्यंत उत्तर द्या म्हणाला. मी म्हटलं, गुढीपाडव्यापर्यंत थांबा. तो थांबला नाही. शेजारचा गाळा घेतला. आता त्याच्या दुकानातली गाणी माझ्या दुकानात ऐकू येतात. तेवढीच सोबत.

आता पिराजीपुढची दोन माणसं. चार नंबरच्या माणसाचं उत्तर श्रावणात आलं. तीन नंबरचे उत्तमराव कासार होते. बांगड्यांचा धंदा, रांगेतसुद्धा बायकांच्या मनगटांची मापं तोंडपाठ. त्यांचं उत्तर दिवाळीनंतर आलं. मग पिराजी आत गेला. बादलीवाला प्रतिनिधी उठला. त्याचे गुडघे आता दुखतात, म्हणून अर्धाच उठला. "हा पिराजी नव्हेच," तो म्हणाला. "पिराजीचे केस काळे होते."

कागद जिल्ह्याला गेला.

ते तीन महिने मला एकवीस वर्षांपेक्षा मोठे गेले. मी मागची खोली झाडून घेतली. त्याची वाकळ उन्हात टाकली. ती उसवली होती, शिवून घेतली. जिल्हा या वेळी म्हणाला की हा पिराजी नाही, तर? असं आधी कधी झालं नव्हतं, पण केसांचा मुद्दा आधी कधी निघालाही नव्हता. रोज पोस्टमनची वाट बघायचो. तो मान हलवून पुढे जायचा.

मग एका मंगळवारी, अकराच्या सुमाराला, पिराजी दुकानाच्या पायरीशी उभा होता. बोटाला शाई. हातात रिकामा डबा.

"आलो शेट," तो म्हणाला.

"ये," मी म्हणालो. एकवीस वर्षं मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. त्यातला हा एकच शब्द निघाला.

तो आत आला. इकडे तिकडे बघितलं. मग खांबापाशी गेला. बांधून बांधून खांबाला दोराचा चर पडला आहे, बोट जाईल एवढा खोल. त्याने त्यात बोट घातलं.

"एवढा दोर इकला?"

"विकला थोडा. पुष्कळसा नुसताच मोजला," मी खरं सांगितलं. "सवय मोडू नये म्हणून."

मी चहा केला. दोघं गादीवर बसलो. शेजारच्या दुकानातलं गाणं संपलं आणि दुसरं लागलं. त्याने विचारलं, "ह्ये काय?" मी म्हटलं, मोबाइलवाला आहे. तो म्हणाला, "आवाज मोठा हाय." मी म्हटलं, "बंद करायला सांगू का?" "नगं," तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या."

अर्धा तास असा गेला. माझ्या आयुष्यातला बरा अर्धा तास म्हणून तो मी नोंदवून ठेवतो.

मग पिराजीने बशी खाली ठेवली. "शेट, तुमी कदी जायलाव?"

"कुठं?"

"मतदानाला. छत्री एकलीच हाय तिथं. मी हुतो तवर ठीक हुतं. आता तिला पुढं कोण सरकवल?"

"अरे, मला सुट्टी कोण देणार? सोनटक्के साहेबांनी सांगितलंय, मालकाच्या सुट्टीची तरतूद नाही."

पिराजीने बराच विचार केला. एकवीस वर्षं नियमांच्या दारात उभा राहिलेला माणूस तो, त्याला आता नियम माझ्यापेक्षा जास्त कळतात. "माजे दोन तास हायत की," तो म्हणाला. "सायबानं सांगितलं हुतं, मत देताना सुरू हुतील. शिक्का माराय मला चार मिनिटं लागली. घडी घालाय जमना म्हून, न्हाईतर दोनच. म्हंजी एक तास छप्पन मिनिटं शिल्लक हायत. ती तुमी घ्या."

"नोकराची सुट्टी मालकाला चालते का?"

"न्हाई चालत आसं लिवलंय का कुठं?"

मी परिपत्रक काढलं. ते पिवळं पडलं होतं. दोन्ही बाजू बघितल्या. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"जा शेट," पिराजी गादीवर सरकून बसला आणि म्हणाला. "दिली सुट्टी. दुकान मी बगतो."

मी टोपी घातली. पायरी उतरताना मागे वळून म्हटलं, "जेवणाचं—"

"डबा मी आणतो," तो म्हणाला. "तुमी शिकलाव तसं मी बी शिकल."

वऱ्हांडा रिकामा होता. त्र्याऐंशी माणसांनी टेकून टेकून भिंतीचा चुना कमरेच्या उंचीवर गुळगुळीत केला होता. दाराशी छत्री उभी होती. कापड विटलेलं, मुठीला सुतळी, सुतळीला चिठ्ठी. सुतळी आमच्याच दुकानची होती, मी गाठीवरून ओळखली. मी छत्री हातात घेतली आणि तिच्या जागेवर उभा राहिलो. माझ्यापुढे कोणी नव्हतं, मागे कोणी नव्हतं. आतून टोम्पे गुरुजींनी हाक मारली, "नंबर एक!"

मी आत गेलो. कपबशीवाला आणि बादलीवाला दोघेही उठले. एकवीस वर्षांत दोघांचं प्रथमच एकमत झालं होतं.

"हे येरावार नव्हेत," कपबशीवाला म्हणाला. "या नंबरावर सुरुवातीपासून छत्री आहे. आम्ही रोज बघतो."

"छत्रीला आमची हरकत नाही," बादलीवाला म्हणाला. "ती नियमाने आली आहे. हे गृहस्थ आत्ता आले."

टोम्पे गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. फाटकाबाहेरच्या रस्त्याकडेही बघितलं. माझं मत पडलं की पेटी बंद होणार होती, त्यांचा आदेश निघणार होता, आणि परतूरला ते हातपाय धुणार होते. पण माणूस नियमाचा. त्यांनी दौत ओढली आणि आक्षेप लिहून घेतला. "तीन महिने, येरावार," ते म्हणाले. "बाहेर थांबा. सुट्टी आहे ना?"

"एक तास छप्पन मिनिटं," मी म्हटलं. "अजून सुरू झालेली नाही."

हे मी वऱ्हांड्यातून लिहितो आहे. शेजारच्या वर्गात नऊचा पाढा चालू आहे. रात्री गुरुजी आणि मी थोडं बोलतो, पण त्यांना मतदाराशी जास्त बोलता येत नाही. दोन्ही प्रतिनिधी घोरतात. श्रीनिवासचा रविवारी दुकानात फोन आला होता. पिराजीने त्याला सांगितलं, शेट मतदानाला गेलेत, दोन तासांत येतील.

काल दुपारी पिराजी मोबाइलवाल्याला गादीवर बसवून डबा घेऊन आला. येताना खांद्यावर वेटोळं होतं. कोणा देवस्थानाला रथ ओढायला दोर हवा आहे, लांब, शंभर मीटरच्याही पुढचा. असं गिऱ्हाईक मी सबंध आयुष्यात पाहिलेलं नाही, आणि खरं आहे का म्हणून मी विचारलंही नाही. त्याने डबा आणि दोराचं टोक शिपायाच्या हाती आत पाठवलं आणि स्वतः वेटोळं उलगडत मागे मागे गेला, चुन्याच्या रेषेच्या बाहेर, फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे, जिथून तो मला दिसत नाही.

मी छत्री काखेत धरली आणि टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. दोर जमिनीवर सैल पडला होता. खिडकीतून कपबशीवाला बघत होता, पण त्याने आक्षेप घेतला नाही.

"ताणू का शेट?" लांबून आवाज आला.

"ताण!" मी ओरडलो.

दोर उचलला गेला आणि माझ्या हातांना ओढ लागली.